उजनीच्या पाण्यावर भरवसा कशाचा? जाळे, होडी आणि गाडीच्या निवडीचा आढावा

भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात बोली लागते ती माशावर. पण त्या बोलीत जाळ्याची झीज, होडीची डागडुजी, गाडीचे पेट्रोल आणि बर्फाचे पैसेही दडलेले असतात. उजनीच्या फुगवट्यावर जगणाऱ्या कुटुंबाच्या हाती भांडवल म्हणून एवढीच साधने असतात. त्यातले एक जरी दगा देऊन बसले तरी आठवड्याची कमाई जाते, आणि होडीने दगा दिला तर जीवच जातो. त्यामुळे कोणते साधन भरवशाचे, हा प्रश्न इथे जुनाच आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो मच्छीमारांच्या आपसातल्या बोलण्यातून निघून शासन, शास्त्रज्ञ आणि पक्षीप्रेमींपर्यंत पोहोचला आहे.

पाणी आले, धंदा आला

भीमेवरचे उजनी धरण माढा तालुक्यात आहे. १९८० साली ते पूर्ण झाले, आणि त्याच्या पाण्याचा मोठा फुगवटा पसरला तो इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत या तालुक्यांत. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५४ टीएमसीच्या आसपास उपयुक्त आणि ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पळसदेवचे जुने मंदिर, कुगावचा वाडा, कित्येक गावांची शिवारे पाण्याखाली गेली. ज्यांची काळी जमीन बुडाली, त्यांच्यापैकी अनेक घरांनी पुढे त्याच पाण्यात जाळे टाकले.

त्याआधी भीमेवर मासे धरणे हे मुख्यतः भोई समाजाचे काम होते. सुताची आणि तागाची जाळी, वाळक्या भोपळ्यांची सांगड, पैलतीरी जायला गुळाची काहील असा तो सरंजाम होता. वाहत्या, अरुंद नदीला तो पुरत असे. वाऱ्यावर लाटा उठणाऱ्या, मैलोगणती पसरलेल्या जलाशयाला तो पुरणारा नव्हता.

मासेही बदलले. नदीतले शिंगाळा, वाम, मरळ मागे पडले आणि चिलापीने पाणी व्यापले. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला. तो स्थिर पाण्यात वर्षातून अनेकदा विणतो आणि गर्दी झाली की खुरटतो. रोहू, कटला, मृगळ यांचे तसे नाही. त्यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते, त्यामुळे जलाशयात त्यांची संख्या टिकते ती बऱ्याच अंशी सोडलेल्या बीजावर. हे बीज कृत्रिमरीत्या तयार करण्याचे तंत्र हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात यशस्वी केले. साधनांचा आजचा बहुतेक वाद चिलापी आणि कटला या दोन स्वभावांच्या माशांभोवती फिरतो.

बारामती तालुक्याला उजनीचा काठ नाही. तिथला मासेमार नीरा आणि कऱ्हेच्या डोहांत, शिरसुफळसारख्या जुन्या तलावांत आणि शेततळ्यांत काम करतो. त्याला गळ आणि फेकजाळे पुरते. शेततळ्यात मात्र एक वेगळीच दक्षता लागते. तळाला प्लास्टिकचे अस्तर असेल तर धारदार वजने लावलेले ओढजाळे माशांबरोबर तळ्याचेही नुकसान करून जाते.

माळरानाची बाजू

कोणते साधन भरवशाचे, हा प्रश्न जमिनीवरच्या शिकारीपुरता कायद्याने कधीच मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकार परवानेही गेले. बारामती तालुक्यातले सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखलेले आहे. इंदापुरात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे आहेत. फासेपारध्यांचे फासे आणि वाघूर नावाचे जाळे यांची कारागिरी आता अभ्यासाचा विषय आहे, वापराचा नाही. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरासाठीही वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. क्लच वायरचा फास किंवा कुंपणात सोडलेली वीज हा गुन्हाच ठरतो, आणि त्यात माणसेही मरतात.

माळावर आता चर्चा आहे ती पाहणाऱ्यांच्या गाड्यांची. लांडग्याचा फोटो मिळावा म्हणून गवतात गाडी घालणाऱ्यांमुळे बिळे आणि जमिनीवरची घरटी चिरडतात, अशी तक्रार होत असे. पुणे वनविभागाने गाडीखेल आणि कडबनवाडी येथे ठरलेल्या वाटांवरून सफारी सुरू केली ती काही अंशी यावर उपाय म्हणून. साधन निवडण्याचा खरा पेच उरतो तो पाण्यावर.

सुतापासून तंगूसपर्यंत

सुताचे जाळे दररोज वाळवावे लागे, अधूनमधून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागे, तरी काही महिन्यांत कुजे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय मासेमारीत नायलॉन आले आणि ही कटकट संपली. पुढे पुण्यातच १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स उभी राहिली आणि दोर-जाळ्यांच्या उत्पादनात महाराष्ट्राचे नाव झाले.

आज जलाशयातल्या जाळ्यांत दोन घराणी दिसतात. एक पिळाच्या नायलॉनचे, म्हणजे अनेक बारीक तंतू वळून केलेल्या दोऱ्याचे. दुसरे तंगूसचे, म्हणजे एकाच पारदर्शक तंतूचे. तंगूसच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. ते पाण्यात दिसत नाही, हलके असते, स्वस्त असते, शेवाळ कमी धरते आणि मासा काढायला सोपे जाते. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याने उजनीचे पाणी हिरवे होते, त्यामुळे शेवाळाचा मुद्दा इथे किरकोळ नाही.

पिळाच्या जाळ्याचे समर्थक टिकाऊपणाकडे बोट दाखवतात. ते शिवता येते. फाटका भाग काढून नवा जोडता येतो, गाठ सरकत नाही, बुडालेल्या झाडाझुडपांत किंवा जुन्या भिंतीत अडकले तरी ओढून निघते. तंगूस उन्हाने कडक होते आणि तुटल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा फेकणेच परवडते. फेकलेले किंवा हरवलेले तंगूस पाण्यात वर्षानुवर्षे मासे, कासवे आणि पाणकावळ्यांसारखे बुडी मारणारे पक्षी धरत राहते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या होड्या ज्या उथळ पाण्यातून जातात, तिथे हा प्रश्न पक्षीनिरीक्षकांनाही दिसतो.

या वादात अलीकडे तिसरा भिडू आला आहे, सकर मासा. दक्षिण अमेरिकेतला हा शोभेचा मासा काचेच्या टाकीतून निघून उजनीत रुजला. त्याच्या अंगावर हाडांचे कवच आणि परांवर ताठ काटे असतात. तो जाळ्यात गुरफटला की सोडवताना जाळ्याचे डोळे तुटतात, आणि बाजारात त्याला किंमत नाही. त्यामुळे जो तर्क एरवी स्वस्त तंगूसच्या बाजूचा, तोच इथे दोन्हीकडे जातो. जाळे फाटणारच असेल तर स्वस्त घ्यावे, असे एक म्हणतो. दर महिन्याला नवे घेण्यापेक्षा जाड दोऱ्याचे घ्यावे, असे दुसरा म्हणतो. दोघांचाही हिशेब आपापल्या पाण्यापुरता बरोबर असू शकतो, कारण सकर माशाचा उपद्रव सगळ्या काठांवर सारखा नाही.

आस किती असावा?

दोऱ्यापेक्षा जास्त ताणलेला वाद आहे तो आसाचा, म्हणजे जाळ्याच्या एका डोळ्याच्या मापाचा. उभ्या लावलेल्या जाळ्यात मासा डोके घालतो आणि गलफडांमागे अडकतो. एका मापाच्या आसात ठरावीक आकाराचे मासे सर्वाधिक लागतात. त्याहून लहान सुटतात आणि बरेच मोठे मासे तोंडच घालू शकत नाहीत. म्हणून आस निवडणे म्हणजे कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे आधीच ठरवणे.

पहिली भूमिका मोठ्या आसाची. बीज सोडल्यानंतर रोहू-कटला वाढायला आणि एकदा तरी विणायला दोन-तीन वर्षे मिळाली पाहिजेत. बारीक आसात बोटभर पिल्ले निघाली तर सरकारी बीज वाया गेलेच, शिवाय पुढच्या वर्षीचे वजनही गेले. वडाप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारीक आसाच्या ओढजाळ्याला काठावरच्या बहुतेक मच्छीमारांचाच विरोध आहे, तो याच कारणाने. वडाप पाणी गाळून काढते, त्यात आकाराची निवड उरत नाही.

दुसरी भूमिका चिलापीच्या अंगाने येते. चिलापी लहान असतानाच विणते. तिच्यासाठी मोठा आस लावला तर जाळे रिकामे येते आणि पाण्यात खुरटलेल्या चिलापीची गर्दी वाढते, जी रोहू-कटल्याच्या पिल्लांचे अन्न खाते. या मताचे लोक म्हणतात की मध्यम किंवा बारीक आसाची उभी जाळी सरसकट वाईट ठरवू नयेत, वडाप आणि चिलापीचे जाळे यांत फरक करावा.

तिसरी भूमिका जागा आणि हंगामाची. आसाचे माप सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा पावसाळ्यातल्या विणीच्या काळात बंदी पाळावी, ओढ्यांच्या तोंडाशी आणि नदी जलाशयाला मिळते तिथे जाळी लावू नयेत, आणि उरलेल्या काळात आकाराची थोडी मोकळीक द्यावी. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी पाळली जाते, तिचा दाखला इथे दिला जातो. विरोधक म्हणतात की किनाऱ्यावरच्या बंदीत मोठ्या नौका थांबतात. इथे रोजच्या जाळ्यावर चूल पेटते, त्या दोन महिन्यांचे काय?

या तिन्ही बाजूंच्या मागे मोजमापाचा एक घोळ आहे. काही जण आस ताणून, गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. काही जण एकाच बाजूची लांबी मोजतात. एकाच जाळ्याचा आकडा त्यामुळे ४० मिलिमीटरही येतो आणि ८० मिलिमीटरही. शिवाय जाळे वरच्या दोरावर किती सैल बांधले, यावरही पकड बदलते. सैल जाळ्यात मासा गलफडाने न अडकता गुंडाळला जातो, आणि मग योग्य मापाच्या आसातही नको त्या आकाराचे मासे येतात. नुसते माप ठरवल्याने नियम पुरा होत नाही, तो यामुळे.

कायद्यात काही गोष्टी मात्र निर्विवाद आहेत. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून मनाई आहे. १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमही त्याच वाटेने जातो.

होडी: लाकूड, पत्रा की फायबर

उजनीचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर धरण भरून काठावरच्या उसापर्यंत येते आणि मे महिन्यात, स्थानिकांच्या भाषेत, ‘मायनसमध्ये’ जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात उतरते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. काठ आत सरकला की होडी चिखलातून ओढत न्यावी लागते, आणि मासे घेऊन रस्त्यापर्यंत यायचे अंतरही तितकेच वाढते. होडीच्या निवडीतले निम्मे प्रश्न इथूनच सुरू होतात.

लाकडी होडी जुन्या जाणत्यांना पटते. पाणी भरले तरी ती सहसा तळाला जात नाही, गावातला सुतार तिला हात घालू शकतो. पण तिला नियमाने डांबर लागते, उन्हात फटी पडतात, चांगले लाकूड महाग झाले आहे. पत्र्याची होडी वेल्डिंगवाला कुठेही करून देतो आणि दगडावर घासली तरी फुटत नाही. मात्र ती गंजते, जड असते आणि पाणी भरले की थेट बुडते. फायबरची होडी हलकी, न कुजणारी, ओढायला सोपी. बुडालेल्या भिंतीवर किंवा पंपाच्या पाइपवर आदळली तर तिला तडा जातो, पण काचतंतू आणि रेझिनने तो बुजवता येतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फायबरच्या नौकांवर बरेच काम केले आहे.

फायबरच्या बाबतीत एक अट सहज नजरेआड होते. काचतंतू आणि रेझिन हे पाण्यापेक्षा जड आहे. होडीच्या टोकांना बंद कप्पे करून त्यात फोम भरला नसेल, तर पाणी भरलेली फायबरची होडीही पत्र्याच्या होडीसारखीच बुडते. दोन होड्या दिसायला सारख्या आणि किमतीत वेगळ्या असतील, तर फरक बऱ्याचदा या न दिसणाऱ्या कप्प्यांचा असतो.

सर्वांत गरीब मच्छीमार थर्माकोलच्या ठोकळ्यांवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकतो. सुरक्षिततेच्या नजरेने हे साधन कोणीच भरवशाचे म्हणत नाही. तरीही ते टिकून आहे, कारण ते डोक्यावर घेऊन चिखल ओलांडता येतो.

इंजिनाबाबत दोन मते आहेत. बाहेरून लावायचे आउटबोर्ड मशीन वेगवान आणि वळायला सोपे, पण महाग, आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतीलच असे नाही. लांब दांड्याच्या साध्या इंजिनाचा पंखा उथळ पाण्यात, जलपर्णीत उचलून धरता येतो आणि त्याची दुरुस्ती पंपाचा मेकॅनिक करतो. वाऱ्याशी झुंजायची वेळ आली तर कोणते इंजिन आधी सुरू होईल, हा प्रश्न मग कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा मोठा ठरतो.

२१ मे २०२४ नंतर

त्या दिवशी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठावर आला, सहा जणांचा मृत्यू झाला. एनडीआरएफच्या पथकाला शोधासाठी यावे लागले. त्याआधी एप्रिल २०१७ अखेर सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी याच जलाशयात उलटून चौघे बुडाले होते.

दोन्ही वेळी उन्हाळ्याचे दिवस होते, आणि मे महिन्यातल्या घटनेत वळवाच्या वाऱ्याचा हात होता. उथळ, उघड्या जलाशयात अशा वाऱ्याने आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट बुडाची, कमी उंचीच्या कडांची होडी शांत पाण्यात स्थिर वाटते, पण अशा लाटांत पाणी कडेवरून आत येते. त्यात माणसे आणि मोटारसायकली असल्या तर वजन वर जाते आणि होडी कलंडायला वेळ लागत नाही.

त्यानंतर चर्चेत तीन मागण्या पुढे आल्या. लाइफ जॅकेट सक्तीचे करावे, होड्यांची नोंदणी आणि तपासणी व्हावी, आणि मुळात लोकांना होडीने जावेच लागू नये म्हणून पूल व्हावा. इंदापूरच्या काठावरील शिरसोडी ते कुगाव या पुलाला सरकारने मंजुरी दिली आहे. नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलवाहतूक नौकांचा कायदा हाताशी आहे, त्यात यांत्रिक नौकांबरोबर बिनइंजिनाच्या नौकांच्या नोंदणीचीही तरतूद आहे.

जॅकेटवर मच्छीमारांचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. फुगीर जॅकेट घालून वाकता येत नाही, जाळे बोटांत घेताना ते आड येते, उन्हात अंग भाजते. म्हणून ते होडीत उशाखाली पडून राहते. उपाय म्हणून कमरेला बांधायचे किंवा बगलेखाली मोकळे असणारे, कामासाठी बनवलेले जॅकेट सुचवले जाते. ते महाग पडते. प्रवासी होडी आणि मासेमारीची होडी यांना एकच नियम लावावा की वेगळे, यावर एकमत झालेले नाही.

काठापासून पेठेपर्यंत

मासा पाण्याबाहेर आला की घड्याळ सुरू होते. ३० अंशांच्या उन्हात काही तासांत त्याचा दर्जा उतरतो, म्हणून माशाइतक्याच वजनाचा बर्फ हा उष्ण प्रदेशातला सर्वसाधारण दंडक. भिगवणहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे, पण खरी अडचण महामार्गावर नसते. ती काठापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या चिखलात आणि उसाच्या बांधावर असते.

या पहिल्या टप्प्यावर दुचाकीला पर्याय नाही. पूर्वी बजाजची एम-८० हे काम करत असे, आता टीव्हीएसची एक्सएल किंवा साधी मोटारसायकल क्रेट बांधून नेते. दुसऱ्या टप्प्यावर बारामतीच्या एमआयडीसीत तयार होणारी आपे तीनचाकी, टाटांची ‘छोटा हत्ती’ आणि बोलेरो पिकअप यांच्यात निवड होते. तीनचाकी वळते आणि कमी पेट्रोल-डिझेल खाते, पण भरल्या वजनाने मऊ मातीत रुतते. पिकअप रुतत नाही, मात्र रोज ती भरेल एवढा माल एका गावातून निघावा लागतो. म्हणून अनेक ठिकाणी गाडी व्यापाऱ्याची असते आणि भावही त्याच्याच हातात जातो.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होडी-जाळ्यांबरोबर बर्फपेटीची दुचाकी, तीनचाकी आणि उष्णतारोधक वाहनांनाही अनुदान आहे. बर्फपेटीच्या मोटारसायकलीचा प्रकल्पखर्च ७५ हजार, उष्णतारोधक ट्रकचा २० लाख धरला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. समर्थकांच्या मते यामुळे मच्छीमार व्यापाऱ्यावर कमी अवलंबून राहील. शंका घेणारे म्हणतात की उरलेली रक्कम आधी उभी करणे ज्याला जमते तोच पुढे येतो, आणि थर्माकोलवर बसणारा मागेच राहतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे जाळे-होडीसाठीचे कर्ज आणि विमा प्रत्यक्षात किती सोपे होतात, यावर या वादाचा पुढचा टप्पा ठरेल.

अजून न सुटलेले

साधनांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टींवर आता सहमती आहे. वडाप नको, फोमचे कप्पे नसलेली होडी नको, जॅकेटशिवाय प्रवासी नकोत. पण हे तपासणार कोण, हे मोकळेच आहे. धरण जलसंपदा विभागाचे, मत्स्यबीजाचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाचा, पक्षी वनविभागाचे, आणि काठ पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत विभागलेला. इंदापूरच्या बाजूला जप्त झालेल्या जाळ्याचा मालक समोरच्या काठावर जाऊन पुन्हा जाळे टाकू शकतो.

आस ताणून मोजायचा की एका बाजूने, चिलापीसाठी वेगळे माप मान्य करायचे का, बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबाला काही आधार द्यायचा का, हे प्रश्न काठावरच्या गावांसमोर आहेत. त्यात शिरसोडीचा पूल उभा राहिला की प्रवासी होड्या कमी होतील आणि त्यांच्यावर पोट असलेले नावाडी मासेमारीकडे वळतील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर त्याच पाण्यात आणखी जाळी उतरतील, आणि आसाचा वाद आहे तिथून पुढे सरकेल.